भूप प्लीहेचा, मालकंस यकृताचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यार्थ्यांच्या उदासीवर चिनी संगीतोपचार सुचवणारा रविवार पुरवणीतला लेख वाचला. गोंग, शांग, ज्यूए, झी, यू हे पाच स्वर आणि प्लीहा, फुप्फुस, यकृत, हृदय, मूत्रपिंड यांची जोडी 'ह्वांगदी नेइजिंग' या सुमारे २००० वर्षे जुन्या वैद्यकग्रंथातली. हे स्वर म्हणजे आपले सा रे ग प ध. गोंगला षड्ज (सा) मानला की भूप राग, झीला मानला की दुर्गा, ज्यूएला मानला की चक्क मालकंस! म्हणजे भूप प्लीहेचा, मालकंस यकृताचा. पंचवीस वर्षे पेटी शिकवते, पण मालकंसाने कुणाचे यकृत सुधारल्याचे ऐकिवात नाही.

लेखात जे यायला हवे होते ते राहिलेच. अकराव्या शतकातला सोंग राजवटीतला विद्वान अधिकारी ओउयांग शिउ खिन्नतेने आजारी होता. रजा घेऊन विश्रांती घेतली, तरी गुण येईना. मग तो एका मित्राकडून गुचिन, म्हणजे सात तारांचे वाद्य, शिकला. गोंग स्वरातल्या मोजक्याच धुना. हळूहळू गोडी लागली आणि आजार अंगात आहे हेच तो विसरला. हे त्याने लिहिले ते यांग नावाच्या तरुण मित्रासाठी. यांग अभ्यासू, पण राजदरबारच्या परीक्षेत पुन्हापुन्हा अपयशी, प्रकृतीने नाजूक आणि दूर आग्नेयेकडे किरकोळ नोकरीवर निघालेला. निरोपाला ओउयांगने मद्य ओतले, त्याच गुरुमित्राला बोलावून गुचिन वाजवायला लावले.

आज गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला दर जूनमध्ये सव्वा कोटीहून जास्त मुले बसतात, त्या देशातली ही गोष्ट. यात कानात इअरफोन घालून 'यू स्वर, वीस मिनिटे' असा डोस कुठेच नाही. गुचिनची तार छेडल्यावर आवाज विरत जातो, तरी डाव्या हाताचे बोट घसरतच असते, आपल्या मींडेसारखे. तिथे कान द्यावाच लागतो.

गेल्या वर्षी बारावीत दोन विषय राहिलेला एक मुलगा माझ्याकडे येई. औषधे डॉक्टरांची चालू होती, ती चालूच हवीत. दोन महिने तो नुसता भाता हलवत बसे; पट्ट्यांवर बोटे मी ठेवायची. एके दिवशी त्यानेच माझा हात बाजूला केला.

अजून भूपात वर्ज्य निषाद लावतो.

आपली,
एक पेटी-शिक्षिका, सांगली