शाही जीवन, गोदाकाठी

आनंदवल्ली, नाशिक

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं त्या बिल्डरच्या इथल्या योजनेचं माहितीपत्रक वाचलं. ‘गोदाकाठी शाही जीवन’ म्हणे! शाही माणसं इथे खरंच राहून गेलीत, पण त्यांना इथे सुख लागलं असं काही वाटत नाही.

हे मूळचं चौंधस गाव. राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली झाली. पुण्याशी बिनसलं की दादांचा मुक्काम इकडे. आणि गंमत बघ, त्याच सुमारास नदीच्या जरा वरच्या अंगाला, गंगापुरात, आनंदीबाईंच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई! दोघी जावा एकाच गोदेचं पाणी पीत होत्या. १७६८ ला माधवरावांनी धोडप किल्ल्यापाशी काकांचा, म्हणजे राघोबादादांचा, पाडाव केला, पुढे १७७३ ला गोपिकाबाईंचा नारायण शनिवारवाड्यात मारला गेला. त्याचा आळ जन्मभर वागवून आनंदीबाईही १७९४ मध्ये गेल्या.

आता वाडा बघायचा म्हणून येऊ नकोस. बघायचा तो नवश्या गणपती. दादांचा मुलगा विनायकराव झाला तो इथल्याच नवसाने, असं गावात सांगतात. देवळात जिकडे तिकडे फेडलेल्या नवसांच्या पितळी घंटा. एखादं पोर हात उंचावून एक वाजवतं, की बाकीच्यांना धीर धरवत नाही.

बाकी सगळ्या इमारतीच. द्राक्षबागा गेल्या, गुंठे पडले, वाड्याच्या नावाने एखादी सार्वजनिक बाग राखावी असं कुणाला सुचलं नाही. आमच्या सोसायटीची ‘ओपन स्पेस’ म्हणजे कुलूपबंद फाटक आणि आत गाजरगवत. तुमच्या बिल्डरची बाग कागदावर हिरवीगार असेल, यात शंका नाही.

‘नदीचं दर्शन’ म्हणून वरचे पैसे मागताहेत ना? मग निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा, कुठून जातात ते आधी नकाशावर बघ. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं याची शहरात चर्चा सुरू होते. आम्ही तोवर गाड्या वर काढलेल्या असतात. २००८ च्या सप्टेंबरात त्या प्लॉटवर पाणी होतं का, हे विक्रीवाल्या पोराला नको, शेजारच्या जुन्या घरात विचारू.

संकष्टी सोडून कधीही ये, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. येताना बांधकाम परवानगीची झेरॉक्स आण. आधी कागद बघू, मग मिसळ. आणि तोवर टोकन देऊ नकोस, वहिनींनी कितीही घाई केली तरी.

तुझा,
बाळ्या