कंपनी बुडणार नाही, पण खातं?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, मागे फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढी मोठी कंपनी, ती बुडणार आहे थोडीच?" मी घाईत होते, विषय सोडून दिला. पण ते डोक्यात राहिलं. फोनवर हे नीट बोलून होत नाही, मधेच आई माझ्या तब्येतीवर घसरते आणि मग तेच चालतं. म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा.

तुमचं म्हणणं खरंच आहे. गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट उद्या बुडतील असं मलाही वाटत नाही. चोरांपासून राखण करण्यात तर त्या आपल्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. माझी काळजी वेगळी आहे. कंपनी जागच्या जागी राहील आणि तुमचं एकट्याचं खातं जाईल. बँकेने खातं गोठवलं तर शाखेत जाऊन साहेबांसमोर बसता येतं, तिथे दाद लागली नाही तर वर तक्रार करता येते. इथे समोर बसायला माणूसच नाही. एक फॉर्म असतो, तो भरायचा आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर बहुतेक वेळा यंत्रच देतं.

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका वडिलांची हकीकत न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये छापली होती. आदल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या लहानग्याच्या नाजूक जागी सूज आली. दवाखान्यातून नर्सने सांगितलं, डॉक्टरांना दाखवायला फोटो पाठवा. त्यांनी ते फोनवर काढले. फोनवरचे फोटो आपोआप गूगलकडे चढत होते, आणि तिथल्या तपासणी यंत्रणेला ते बालशोषणाचे वाटले. खातं बंद. मेल गेली, लोकांचे नंबर गेले, मुलाचे फोटो गेले. मोबाइलची सेवाही गूगलचीच होती, त्यामुळे फोन नंबरही गेला. आता बाकीच्या खात्यांचे ओटीपी येणार कुठे? पोलिसांनी चौकशी केली आणि गुन्हा घडलेला नाही असं ठरवलं. तपास अधिकाऱ्याला त्यांच्याशी संपर्क साधायचा होता, तर फोन आणि मेल दोन्ही बंद! पोलिसांनी निर्दोष ठरवल्यावरही कंपनीने खातं परत दिलं नाही.

अशा फोटोंवर नजर ठेवणं मला चुकीचं वाटत नाही, ते करायलाच हवं. मला खटकतं ते पुढचं. यंत्र चुकलं तर ऐकून घ्यायला कुणी नाही, आणि शिक्षा एका फोटोपुरती न राहता माणसाच्या सगळ्या व्यवहाराला होते.

बाबा, आता तुमचंच बघा. बँकेची पत्रं, विमा, पेन्शन, दवाखान्याचे रिपोर्ट, प्रवासाची तिकिटं, सगळं एकाच मेलवर येतं. कुठलाही पासवर्ड विसरलात की नवा करायची लिंक त्याच मेलवर येते. शिवाय दर नव्या ठिकाणी तुम्ही ते "गूगलने साइन इन करा" बटण दाबता, कारण सोपं पडतं. म्हणजे ते एक खातं गेलं की त्या सगळ्या ठिकाणी तुम्ही दाराबाहेर. आईचे फोटोही त्याच खात्यात चढतात, कारण तिचा फोन आपणच तसा लावून दिला होता. एकीकडचं बिघडलं की दोघांचं अडणार.

खाती अशी एकमेकांत गुंतलेली असली की काय होतं ते २०१२ मध्ये मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराच्या बाबतीत दिसलं. तंत्रज्ञानावर लिहिणाराच माणूस. चोरट्यांनी आधी ॲमेझॉनच्या ग्राहकसेवेकडून त्याच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे काढले, आणि तेच आकडे ॲपलच्या ग्राहकसेवेला ओळख म्हणून सांगून त्याचं ॲपलचं खातं हाती घेतलं. तिथून पुढे तासाभरात त्याचं गूगल खातं उडवलं, ट्विटर ताब्यात घेतलं, फोन, टॅब आणि लॅपटॉप दुरूनच पुसून टाकले. लेकीचे पहिल्या वर्षातले फोटो लॅपटॉपवर होते आणि दुसरीकडे प्रतच नव्हती. त्यानंतर कंपन्यांनी आपले नियम कडक केले. पण एका खात्यावरून दुसऱ्यात शिरता येतं ही गोष्ट काही बदललेली नाही.

खातं जायला चोर किंवा यंत्राची चूकच लागते असंही नाही. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायचा नियम गूगलने २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्या डिसेंबरपासून लागू केला. आई, तुझं ते जुनं खातं, ज्यात आजीचे फोटो आहेत, ते तू शेवटचं कधी उघडलंस? आठवत नसेल तर आजच उघड. आणि जागा! गूगलचे फुकट १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. ते भरले की नवी मेल येणंच थांबतं. आईच्या सुप्रभातवाल्या व्हिडिओंमुळे बाबांचं बँकेचं पत्र परत जायचं. हसू नका, हे सगळ्यात आधी होण्यासारखं आहे.

कधी कधी कंपनी राहते आणि सेवा गुंडाळते. फेसबुकसारख्याच गूगलच्या दोन सेवा होत्या, त्यातलं ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही नाहीशी झाली. पैसे परत दिले, हे मान्य. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं सुमारे सहा तास ठप्प होतं. "भरवशाच्या म्हशीला टोणगा" हे तुम्हीच मला ऐकवत आला आहात, बाबा.

तरीही हे सगळं सोडून द्या असं मी म्हणत नाहीये. घरात स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे मेल सांभाळणारा कॉम्प्युटर, चालवायचा सल्ला देणारे लोक असतात, ते हौशी असतात आणि त्यांचे आई-बाबा बहुधा अजून गूगलच वापरतात. मला एवढंच हवंय की कंपनीने उद्या दार लावलं तर आपलं काम दोन दिवस अडावं, आयुष्य अडू नये.

तर सगळ्यात आधी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीसाठी, म्हणजे अडलेलं खातं परत मिळवण्यासाठी, कोणता नंबर दिलाय ते पाहा. मला दाट संशय आहे की तिथे तुमचा तो बंद केलेला जुना नंबर असेल. सोडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, म्हणजे तुमच्या खात्याचा कोड कुणा परक्याच्या फोनवर जाऊ शकतो. तिथे चालू नंबर घाला आणि दुसरी मेल म्हणून माझी द्या. मग दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर खातं उघडणार नाही, ओळखीची आणखी एक खूण लागेल. त्यात बॅकअप कोड म्हणून आठ-आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. आई, त्यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नकोस. फोन हरवल्यावरच ते लागणार आहेत.

फोटोंचं काम माझ्याकडे. गूगल टेकआउट नावाची सोय आहे, तिथून आपलं सगळं उतरवून घेता येतं. दोन हार्ड डिस्कवर प्रती करू, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. फोटो फोनवर दिसतात म्हणजे ते फोनमध्ये आहेत असं धरू नका. पुष्कळदा फोनमध्ये लहानशी प्रत असते आणि मूळ फोटो त्यांच्याकडे.

बँक, पेन्शन आणि विम्यासाठी वेगळा पत्ता करायचा आहे. आपल्या आडनावाचं एक डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणारं आपलं स्वतःचं नाव, घ्यावं असं माझ्या मनात आहे, म्हणजे पत्ता आपला राहील आणि मागे मेल पुरवणारी कंपनी बदलता येईल. आज तुमचा पत्ताच कंपनीच्या नावाने संपतो, त्यामुळे कंपनी सोडायची तर पत्ता सोडावा लागतो, आणि म्हणूनच कुणी सोडत नाही. अर्थात डोमेनही दरवर्षी पैसे भरून टिकवावं लागतं, विसरलं की गेलं. ती आठवण मी आणि दादा, दोघांच्याही फोनवर लावू.

आता आईला न आवडणारं. "अभद्र बोलू नकोस" म्हणशील, तरी वाच. ही खाती वारशाने मिळत नाहीत. आपण न वाचता ज्या अटींना हो म्हणतो, त्यात ॲपलने तर आयक्लाउडबद्दल, म्हणजे फोटो वगैरे ठेवायच्या त्यांच्या सेवेबद्दल, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मागे राहिलेल्यांना आईबापांचे फोटो मिळवायलाही कंपनीच्या विनवण्या कराव्या लागतात. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. तीन ते अठरा महिने खातं हललं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, ते आधीच लिहून ठेवता येतं, दहा जणांपर्यंत. ॲपलमध्ये २०२१ पासून लेगसी कॉन्टॅक्ट आहे, म्हणजे आपल्या मागे खात्यातलं मिळवू शकणारी माणसं, तिथे पाच जण नेमता येतात. माझं मी भरून ठेवलंय, तुम्हा दोघांची नावं घालून. म्हणजे हे काही फक्त म्हाताऱ्यांचं काम नाही, आई.

पुढच्या वेळी आले की एक दुपार यासाठी ठेवा. तोवर बाबा, तो नंबर तेवढा पाहून कळवा. आणि घरातल्या सगळ्यांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवा, मला तुमचे दोघांचेही पाठ नाहीत हे लिहिताना लक्षात आलं.

तुमची,
मनू

ता. क. : खातं अडलं तर "कस्टमर केअर"चा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे सापडणारे पुष्कळ नंबर भामट्यांचे असतात, ते गोड बोलून कोड काढून घेतात. आधी मला फोन करा. आणि कोड मी फोनवर मागितला तरी सांगू नका. आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते आता.