कामाच्या गाडीतला खडखडाट

मा. संपादक, स. न. वि. वि.

खड्ड्यांविषयी आणि गतिरोधकांविषयी वाचकांची पत्रे नेहमी येतात, आणि ती रास्तच आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. गल्लीबोळांत असतो तो हातभर रुंदीचा डांबरी वरवंटा. त्यावरून एसी दुरुस्तीची किंवा प्लंबिंगची ईको (मारुतीची छोटी व्हॅन) गेली की मागे भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज येतो. रस्ते सुधारतील तेव्हा सुधारतील. गाडीतला आवाज मात्र एका सुट्टीत बराच कमी करता येतो. बहुतेक जण ते काम चुकीच्या टोकाकडून करायला घेतात, म्हणून हे लिहीत आहोत.

चुकीचे टोक म्हणजे गादीचा स्पंज. आवाज आला की तिथे स्पंज कोंबायचा, ही सर्रास पद्धत. स्पंज महिन्या-दोन महिन्यांत दबून पापड होतो आणि फट पुन्हा मोकळी. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि खालचा पत्रा गंजवतो. खडखड होते ती दोन वस्तूंमध्ये मोकळीक असते म्हणून. ती मोकळीक काढली तर आवाज आपोआप जातो, नुसता दाबला तर परत येतो.

आधी गाडी पूर्ण रिकामी करावी. स्टेपनी, जॅक, टॉमीसुद्धा बाहेर. मग नेहमीच्याच गतिरोधकावरून एक फेरी मारावी. तरीही आवाज आला तर तो गाडीचा: सरकत्या दाराचे रोलर, मागच्या दाराचे लॉक, सायलेन्सरचे लोंबते रबर, नंबर प्लेट. मागच्या दाराला रबरी बफर असतात. ते थोडे बाहेर फिरवून दार घट्ट बसते का पाहावे. गाडी उभी असताना, ठराविक रेसलाच झणझण येत असेल तर संशय सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्यावर घ्यावा. त्याचा बोल्ट गंजून तुटलेला असतो. सायलेन्सर गार असताना स्टीलची मोठी होज क्लिप (पाइपभोवती आवळायची पट्टी) आवळली की काम भागते. हे झाल्यावर सामान एकेक करून आत ठेवावे आणि दरवेळी तीच फेरी मारावी. कंटाळवाणे आहे, पण आवाज पत्र्यातून फिरतो. उजवीकडे ऐकू येणारी खडखड डावीकडच्या रॅकची निघते.

टायरची हवाही तपासावी. मागची स्प्रिंग किंवा पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने केलेले असतात. गाडीत थोडेच सामान असले की ते दबत नाहीत, गाडी उसळते. त्यात हवा जास्त असेल तर विचारूच नका. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दाब लिहिलेला असतो, तेवढाच ठेवावा. जड वस्तू खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवाव्यात. अगदी शेपटीला ठेवलेली पेटी सर्वांत जास्त उडते.

सर्वांत जास्त गोंगाट ॲल्युमिनियमच्या शिडीचा. नायलॉनची दोरी भिजली की ताणते आणि सैल पडते, त्यामुळे सकाळी आवळलेली शिडी पहिल्या सरीनंतर वाजू लागते. २५ मिलिमीटरचा रॅचेट पट्टा (दांडा मागेपुढे करून आवळायचा) घ्यावा, पुढे एक, मागे एक. सरकत्या शिडीचे दोन भाग आधी एकमेकांना बांधावेत, मग कॅरिअरला. नाहीतर शिडी घट्ट आणि तिच्या आतच ठणठण, असा प्रकार होतो. रॅचेट जोर लावून आवळला तर शिडीची बाजूची पट्टी वाकते. हाताने हलवून हलली नाही की थांबावे. आणि पट्टा सपाट ताणू नये, वाऱ्यावर तो भुणभुणतो. एक-दोन पीळ दिले की गप्प बसतो.

कॅरिअरच्या पाइपवर चढवायला उत्तम वस्तू एसीवाल्यांकडे भंगारात पडलेली असते: तांब्याच्या पाइपवर घालतात ती काळी इन्सुलेशन ट्यूब. तिच्यात पाणी शिरत नाही. उभी चीर देऊन पाइपवर बसवावी, चीर खालच्या बाजूला ठेवावी आणि दर वीतभर अंतरावर केबल टाय लावावा. जिथे शिडीची धार टेकते तिथे ट्यूब कापली जाते. त्या जागेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल असा गुंडाळावा. उन्हाने रबर तडकते, तेव्हा वर्षाकाठी बदलायची तयारी ठेवावी.

आतला रॅक बहुधा स्लॉटेड अँगलचा, म्हणजे ओळीने भोके असलेल्या लोखंडी पट्ट्यांचा असतो. त्याचे साधे नट आणि स्प्रिंग वॉशर हादऱ्यांनी सैल होतातच. त्यांच्या जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) घालावेत आणि कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या लावाव्यात. कप्प्यांचा पातळ पत्रा ढोलासारखा वाजतो. त्यावर ब्युटाइल रबराची चिकट शीट लावतात, पण सबंध पत्रा मढवायची गरज नाही. कंप मधोमध असतो, तिथला पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी फरक पडतो. तळाला १२ मिलिमीटरचे मरीन प्लाय, आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचे, आणि त्याखाली रबरी मॅट. पावसाळ्यात मॅट उचलून खालचे पाणी पुसावे. रॅकसाठी तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन पाहावे: पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग यांतले काहीतरी नेमके तिथेच असते. सीएनजीच्या टाकीला किंवा तिच्या ब्रॅकेटला काहीही बांधू नये. ती ब्रॅकेटच वाजत असेल तर स्वतः पाना न लावता अधिकृत फिटरकडे जावे.

पाने, पकडी, छिन्न्या लोखंडी पेटीत सुट्या टाकल्या की पेटीचा खुळखुळा होतो. पानांसाठी कॅनव्हासची कप्पेवाली गुंडाळी बरी. पेटीच्या तळाला ६ मिलिमीटरची ईव्हीए (फोमसारखी) शीट. एल्बो, टी, युनियन हे पाइपचे जोड ज्या डब्यांत असतात ते भरलेले असताना वाजत नाहीत, अर्धे झाले की वाजतात. वर कॉटन वेस्टचा (पुसायच्या सुती धाग्यांचा) बोळा दाबून झाकण लावावे. हाच बोळा ऑक्सिजन सिलिंडरच्या व्हॉल्व्हजवळ मात्र कधीही नको. तेलाचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेतात. सिलिंडर उभे, टोपी लावलेले, लाकडी खाचेत बसवून वर एक आणि खाली एक पट्टा. दोन सिलिंडर एकमेकांना टेकू देऊ नयेत. हुकवाली लवचीक दोरी हलक्या वस्तूंपुरतीच ठीक. जड वस्तू तिच्यात उसळत राहते, आणि सुटलेला हुक थेट डोळ्यावर येतो.

प्लॅस्टिकची करकर वेगळी. तिथे ग्रीस लावले की धूळ चिकटून मलम तयार होते, आणि पेट्रोलियम तेलाने दाराचे रबर फुगते. सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून पुसावा, बस.

नाजूक वस्तूंचा विचार बरेच जण शेवटी करतात. भिंतीवर सरळ रेघ पाडणाऱ्या लेझर लेव्हलमध्ये लोलक असतो. गाडीत ठेवताना त्याची लॉकची कळ लावली नाही तर प्रत्येक खड्ड्याला लोलक आपटतो आणि रेघ तिरकी पडू लागते. मग भिंतीवरच्या एसी युनिटला ढाळ चुकीचा मिळतो आणि पाणी घरात टपकते. दोष ड्रेन पाइपच्या माथी. साध्या पाणसळीचीही परीक्षा घ्यावी: एका जागी बुडबुडा पाहावा, पाणसळ टोकाला टोक अशी उलट फिरवून तिथेच पुन्हा पाहावा. बुडबुडा वेगळा दिसला तर ती कामातून गेली. व्हॅक्युम पंप आडवा ठेवू नये, तेल गळते.

सगळे बसवल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा नट आणि पट्टे पुन्हा तपासावेत. नवे रबर दबते आणि तेवढी ढील येते.

मागचा गोंगाट थांबला की गाडीचे स्वतःचे आवाज ऐकू येतात, आणि आमच्या मते खरी मिळकत ती आहे. एकसुरी घूं-घूं वळणावर वाढत किंवा कमी होत असेल तर चाकाचे बेअरिंग. सावकाश चालताना चाकाच्या फेऱ्याबरोबर टक-टक येत असेल तर तिथेच थांबून चाकाचे नट पाहावेत. ब्रेक दाबताना लोखंड घासल्यासारखे आले तर लायनर संपले. शिडी आणि पान्यांच्या ठणठणाटात यांतले काहीच कानावर पडत नाही.

आपले,
फिरत्या दुरुस्ती-गाडीवर काम करणारे काही वाचक, पिंपरी-चिंचवड