वकील नंतर, पिशवीचा नंबर आधी

तीर्थरूप आई-बाबांस, सा. न. वि. वि.

काकूंच्या सुनेला बाळंतपणात दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस सी झाल्याचा संशय आहे ना, मग वकील गाठण्याआधी पिशवीचा नंबर गाठायला सांगा. रक्ताच्या प्रत्येक पिशवीला युनिट नंबर असतो आणि केस पेपरांत त्याची नोंद असते. त्यावरूनच ब्लड बँकेच्या रजिस्टरात दाता आणि त्याच्या चाचण्या सापडतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या पाचही सक्तीच्या आहेत. पण बँकेला नोंदी 5 वर्षंच ठेवाव्या लागतात, डॉक्टरांना केस पेपर 3 वर्षं. केस पेपरांसाठी हॉस्पिटलला अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. नियमाप्रमाणे कागद 72 तासांत मिळायला हवेत. तोंडी मागितले तर इंदुरात 'कल आइए' ठरलेलंच! अर्ज हिंदीत आईनेच लिहून द्यावा.

सिझेरियनच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट मात्र सोन्यासारखा जपायचा. 'हिला आधीपासूनच होतं' हा हॉस्पिटलचा पहिला बचाव असतो. तो रिपोर्ट निगेटिव्ह असेल, तर हा बचाव बराच लंगडा पडतो. दुसरा बचाव विंडो पीरियडचा: दात्याला लागण ताजी होती, म्हणून चाचणीत दिसली नाही. हे खरंही असू शकतं. म्हणून नॅट टेस्ट (विषाणूच थेट शोधणारी, ताजी लागण लवकर पकडणारी चाचणी) केली होती का, रक्ताची गरज होती का, संमती कशी घेतली, हेही विचारायचं. 2002 मध्ये लष्करी रुग्णालयात दिलेल्या रक्तातून हवाई दलाच्या एका जवानाला एचआयव्ही झाला. त्याला सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सुमारे 1 कोटी 54 लाख मंजूर केले, आणि निष्काळजीपणा नव्हता हे दाखवायचा भार रुग्णालयावर टाकला.

तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. तिथली 50 लाखांची मर्यादा हॉस्पिटलला दिलेल्या पैशाची आहे, मागितलेल्या भरपाईची नाही. इथे बरेच जण फसतात. बिल 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फी शून्य. मुदत 2 वर्षं, उशीर झाला तर कारणासह माफीचा अर्ज जोडावा. सगळ्यांनाच फुकट सेवा देणारं सरकारी रुग्णालय असेल, तर ग्राहक कायदा लागू होत नाही. मग हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट, म्हणजे सरकारविरुद्ध थेट याचिका.

औषधांना मात्र केसची वाट पाहायला लावू नका. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली की आरएनए तपासणी करायची, विषाणू अजून अंगात आहे का ते त्यातून कळतं. सरकारी केंद्रात ती आणि गोळ्या मोफत आहेत. कोर्स बहुधा 12 आठवड्यांचा, आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. तो आरएनए रिपोर्टही फाइलला लावायचा.

मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नयेत, वकिलालाही झेरॉक्सच.

तुमची,
ताई