वजूखान्याच्या पाण्याबद्दल, कोंढव्यातल्या चाचांना

चाचा, सप्रेम नमस्कार.

जाहीर कौतुक तुम्हाला खपत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. आता ओरडू नका.

मशिदीच्या वजूखान्यातलं, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात त्या जागेचं पाणी वर्षानुवर्षं गटारात जायचं आणि भिंतीपलीकडे आम्ही टँकरवाल्याची मनधरणी करत बसायचो. वजूच्या पाण्यात साबण नसतो, ते गाळायला सोपं, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या सोसायटीत कुणाला सुचलं नव्हतं (आणि इंजिनिअर आमच्याकडे पैशाला पासरी!). आता तेच पाणी विटांचे तुकडे, खडी, वाळू भरलेल्या खड्ड्यातून झिरपून टाकीत येतं आणि रस्त्याकडेच्या कडुनिंब-जांभळांना मिळतं. भर मे महिन्यात रिक्षावाले त्याच सावलीसाठी भांडतात.

पण खरे आभार तुमच्या हिशेबाचे. रमजानमध्ये कुणीतरी म्हणालं, "जकातीतूनच उरका ना." तुम्ही साफ नकार दिलात. साठलेल्या संपत्तीतून द्यायचं अडीच टक्के सक्तीचं दान म्हणजे जकात, तो गरजूंचा हक्क, कुराणात तिचे आठ वाटेकरी ठरलेले, त्यात खड्डा न् पाइप बसत नाहीत. या कामासाठी सदका-ए-जारियाची, म्हणजे ज्याचा उपयोग पुढेही होत राहतो अशा ऐच्छिक दानाची, वेगळी पेटी ठेवलीत. पैगंबरांचे सहकारी हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांना खुली केली, हा दाखला दिलात. लावलेल्या झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी तो सदकाच, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमच्या मजल्यावरच्या आजींनी त्या पेटीत पाचशेची नोट टाकली, तर तुम्ही लगेच पावती फाडलीत.

आणि जकात? पत्र्याच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंच्या हातात रोख पैसे दिलेत. काय करायचं ते त्यांनी ठरवलं: छताला ऊन परतवणारा पांढरा रंग, आत एक चांगला पंखा. आता दुपारीही त्यांचं मशीन चालू असतं. उन्हाळा दरवर्षी वाढतोय असं आम्ही नुसतं बोलतो. तुम्ही तो आधी कुणाला भाजतो ते पाहिलंत.

पावसाआधी गाळणीतली वाळू धुवायची आहे ना? यंदा ते काम आमच्याकडे. आमच्या गच्चीवरचं पावसाचं पाणीही तुमच्या खड्ड्याकडे वळवता येईल, असं प्लंबर म्हणतोय. जुम्याची, शुक्रवारची नमाज झाली की या, पाइप कुठून न्यायचा ते दाखवा. चहा माझ्याकडे, बिनसाखरेचा.

तुमची शेजारीण