खड्डे, स्कूटर आणि गफ्फार चौधुरी

लंडन

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र पोचलं. समोरच्या काकांचा मुलगा अमेरिकेतून सोसायटीच्या ग्रुपवर राजकारण शिकवतो म्हणून बाबा भलतेच तापलेत. ‘जो इथल्या खड्ड्यांतून स्कूटर चालवत नाही, त्याने इथल्यावर बोलू नये.’ बाबा, लेकी बोले सुने लागे, कळलं मला. म्हणून आज वाद घालायलाच बसलोय.

अब्दुल गफ्फार चौधुरी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. बांगलादेशी लेखक-पत्रकार, अर्धं आयुष्य लंडनमधून ढाक्याबद्दल लिहिणारे. माझ्या ऑफिसातल्या, मूळच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या सहकाऱ्याच्या घरी मात्र ते घरच्या माणसासारखं घेतात. त्याचे वडील त्यांचा स्तंभ मोठ्याने वाचायचे आणि वाचता वाचता त्यांच्याशी भांडायचे म्हणे! जन्म 1934 चा, बारिसाल जिल्ह्यातल्या उलानिया गावचा. फेब्रुवारी 1952 मध्ये, बांगलादेश पूर्व पाकिस्तान होता तेव्हा, ढाक्यात बंगाली भाषेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. भाषेसाठी रस्त्यावर माणसं मरतात म्हणजे काय, हे बाबा तुम्हाला मी सांगायला नको. फ्लोरा फाउंटनच्या गोष्टी तुमच्याकडूनच ऐकल्यात. चौधुरी तेव्हा सतरा वर्षांचे, कॉलेजात. जखमींना बघायला ते मेडिकल कॉलेजात गेले. तिथे रफीकउद्दीन नावाच्या विद्यार्थ्याचा मृतदेह होता, गोळीने डोकं फुटलेला. हा माझाच भाऊ, असं त्या पोराला वाटलं आणि कवितेच्या पहिल्या ओळी तिथेच सुचल्या. पुढे अल्ताफ महमूद यांनी तिला चाल दिली. आज एकवीस फेब्रुवारीला सगळा बांगलादेश अनवाणी शहीद मिनारला, म्हणजे त्या भाषा-हुतात्म्यांच्या स्मारकाला, जातो तो तेच गाणं म्हणत. चाल देणाऱ्या अल्ताफना 1971 च्या मुक्तियुद्धात पाकिस्तानी लष्कराने घरातून उचललं, ते परत आलेच नाहीत. त्या युद्धात चौधुरी बांगलादेशच्या परागंदा सरकारच्या ‘जय बांगला’ साप्ताहिकात होते.

इतकं सगळं केलेला माणूस 1974 च्या ऑक्टोबरात लंडनला आला, तो पत्नीच्या उपचारांसाठी. आई, तुला हे पटेल, राहायचं म्हणून कोणीच येत नाही. दहा महिन्यांनी ढाक्यात राष्ट्रपती शेख मुजीबांची कुटुंबासह हत्या झाली आणि मुजीबांच्या बाजूने लिहिणाऱ्याला परतायची वाट बंद झाली. सुरुवातीला त्यांनी किराणा दुकानांत काम केलं. बांगला अकादमीचा पुरस्कार मिळालेला कादंबरीकार, आणि काम दुकानात! पण 1976 मध्ये ‘बांगलार डाक’ हे साप्ताहिक काढलं, 1987 मध्ये ‘नतून दिन’. आणि मग ढाक्याच्या दैनिकांतले स्तंभ, ‘जनकंठ’, ‘युगांतर’, ‘समकाल’, म्हातारपणापर्यंत. पत्ता लंडनचा आणि लेखात ढाक्यातलं राजकारण.

आता तुमची बाजूही मांडतो. त्यांच्यावर मोठा आक्षेप हा की, ते साक्षीला मेलेली माणसं आणतात. अमुक नेते मला खासगीत असं म्हणाले होते, आणि ते नेते केव्हाच वारलेले. विचारणार कोणाला? शिवाय ते मुजीबांच्या अवामी लीग पक्षाचे, ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. लांबून माणसाची आठवण पक्की राहते, माहिती मात्र शिळी होते, हे मला मान्य आहे. माझंही होतं तसं. आपल्या गल्लीत अजून गिरणी आहे असं धरून मी बोलतो आणि आई हसते.

तरीही बाबा, ज्याला परत जायला मिळत नाही आणि ज्याला जायचंच नाही, त्या दोघांना तुम्ही एकाच स्कूटरवर बसवताय. काकांच्या मुलाला लिहिण्याची काही झळ पोचत नाही, एवढाच तुमचा मुद्दा असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. चौधुरींनी ती सोसली. त्यांच्याशी वाद घालायचा तर लेखावर घालावा, पत्त्यावर नाही.

इथे लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली पार्क आहे. वर्णद्वेषी हल्ल्यात 1978 मध्ये मारल्या गेलेल्या बंगाली कामगाराचं नाव त्याला दिलंय. तिथे शहीद मिनारची छोटी प्रतिकृती आहे, पांढरे खांब आणि मागे लाल गोल. वीस फेब्रुवारीच्या मध्यरात्री मी सहकाऱ्याबरोबर गेलो होतो. थंडी मरणाची, पक्षांचे नि मंडळांचे लोक पुष्पचक्र आधी कोणाचं यावरून हमरीतुमरीवर आलेले, अगदी आपल्याकडच्यासारखे. आणि गाणं सुरू झाल्यावर तीच माणसं एका सुरात. इथेच जन्मलेल्या, बंगाली धड वाचता न येणाऱ्या पोरांनाही ते पाठ होतं.

19 मे 2022 ला चौधुरी लंडनमध्येच गेले, वयाच्या 87 व्या वर्षी. पार्थिव ढाक्याला नेलं, शहीद मिनारवर ठेवलं आणि मीरपूरला पत्नीशेजारी दफन केलं.

ग्रुपवर त्या मुलाला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा, पण अ‍ॅडमिनला सांगून त्याला काढू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या पुढे ढकलू नका, पैसे मी याच आठवड्यात पाठवतोय. तोवर वर्तमानपत्राला पत्र लिहायचं असेल तर रविवारी फोनवर सांगा, मी टाइप करून तुमच्या नावाने पाठवतो. आई, मेतकूट मिळालं. गोड्या मसाल्याचं पाकीट वाटेत फुटलं, पुढच्या वेळी डब्यात भर.

तुमचा,
नंदू