फी बाकी असली तरी फाईल पक्षकाराचीच

संपादक महोदय,

‘आधी हिशेब चुकता करा, मग फाईल न्या.’ वकील बदलू पाहणाऱ्या पक्षकाराला तालुक्याच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत हे वाक्य आजही ऐकावं लागतं. बहुतेक जण ते निमूट मान्य करतात. प्रत्येक वेळी वकिलाच्या मनात खोट असते असं नाही. पुष्कळांना तो आपला हक्कच वाटतो. पण असा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्येच आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सांगून टाकलं आहे.

मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेने १९९३ मध्ये आपल्या विधी सल्लागाराचं काम थांबवलं. त्या सल्लागार वकिलाने ९७,१०० रुपयांचं बिल पाठवलं आणि ते मिळेपर्यंत फायली सोडायला नकार दिला. आधार घेतला करार कायद्याच्या कलम १७१ चा, म्हणजे बँकेसारख्यांना येणे वसूल होईपर्यंत माल अडवू देणाऱ्या तरतुदीचा. न्यायालय म्हणालं, खटल्याचे कागद हा विकून पैसे उभे करण्याचा ‘माल’च नाही. फी बाकी असेल तर वसुलीचे कायदेशीर मार्ग मोकळे आहेत. मागूनही फाईल न देणं मात्र व्यावसायिक गैरवर्तन. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेने दिलेली वकिलीवरची १८ महिन्यांची बंदी न्यायालयाने तेवढी समज देण्यापर्यंत कमी केली, कारण तोवर या मुद्द्यावर स्पष्ट निवाडा नव्हता. आणि ही सवलत पुढच्यांनी दाखला म्हणून वापरू नये, हेही लिहून ठेवलं.

गोंधळ होतो तो बार कौन्सिलच्या नियम २८ आणि २९ मुळे. काम संपल्यावर पक्षकाराची जी रक्कम वकिलाकडे शिल्लक असेल, तिच्यातून फी वळती करता येते. ही मुभा पैशांपुरती आहे, कागदांना ती लागू नाही.

फाईल अडली की घाबरून तडजोड करण्याआधी तिचे दोन भाग करून पाहावेत. कोर्टात दाखल झालेलं सगळं, म्हणजे दावा, कैफियत, अर्ज, रोजनामा, यांच्या नकला अर्ज करून मिळतात. त्यासाठी प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) जवळ असला की पुरे. नोंदणीकृत खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकाकडून काढता येते. पुराव्यात दाखल केलेला मूळ दस्त कोर्टाच्या ताब्यात असतो, वकिलाच्या नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ नियम ९ प्रमाणे अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा प्रमाणित प्रत ठेवून आणि मागाल तेव्हा मूळ हजर करू अशी हमी देऊन त्याआधीही, तो परत मागता येतो.

खरा जीव अडकतो तो दुसऱ्या भागात, म्हणजे कोर्टात दाखल न झालेल्या मूळ कागदांत: नोंदणी न झालेलं मृत्युपत्र, हातउसन्याची चिठ्ठी किंवा न वटलेला चेक यांत. चेकच्या बाबतीत तर चेक न वटल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे देण्यासाठी आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, असं वेळापत्रक आहे. मूळ चेक वकिलाच्या कपाटात आणि पक्षकार हेलपाटे घालतोय, अशात तो महिना सहज निघून जातो. म्हणून असे कागद देतानाच दोन प्रतींत यादी करावी, प्रत्येकापुढे ‘मूळ’ की ‘झेरॉक्स’ ते लिहावं आणि पोच म्हणून सही घ्यावी. सही मागणं म्हणजे अविश्वास, हा समज पक्षकारानेच आधी सोडायला हवा. नंतर ‘कागद माझ्याकडे दिलेच नव्हते’ असं उत्तर आलं, तर त्या यादीशिवाय हातात काहीच नसतं.

दुसरा अडसर ‘एनओसी’चा. जुन्या वकिलाच्या नाहरकतीवाचून नवं वकीलपत्र घ्यायचं नाही, हा रिवाज आहे आणि तो चांगल्या हेतूने पडला असेल. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच आदेश ३ नियम ४ नुसार पक्षकार स्वतःच्या सहीने लेखी अर्ज देऊन, कोर्टाच्या परवानगीने जुनं वकीलपत्र रद्द करू शकतो. अर्जाआधी स्पीड पोस्टाने फाईल आणि नाहरकत मागणारं पत्र पाठवावं व त्याची पोच अर्जाला जोडावी.

आता हितसंबंधांबद्दल. बार कौन्सिलच्या नियम १४ प्रमाणे विरुद्ध बाजूशी असलेलं नातं किंवा वादातला स्वतःचा हितसंबंध वकिलाने काम घेतानाच सांगायला हवा. नियम ३३ त्याहून कडक आहे: ज्याच्यासाठी सल्ला दिला, मसुदा केला किंवा काम पाहिलं, त्याच्या विरुद्ध पक्षाचं काम त्याच वकिलाने घ्यायचं नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात खर्च वाचवायला नवरा-बायको एकच वकील करतात. पुढे एकाने संमती मागे घेतली की तोच वकील दुसऱ्याच्या बाजूने उभा राहतो. वाटणीपत्र सगळ्या भावांचं मिळून करणाऱ्या वकिलाचंही तेच. पुनर्विकासात सोसायटीचा करारनामा बिल्डरचाच वकील तयार करतो आणि सभासद ‘तेवढीच फी वाचली’ म्हणतात! या सगळ्यांत वाद पेटल्यावर त्या वकिलाने बाजूला होणं हाच मार्ग. पूर्वीचं प्रकरण पूर्ण वेगळं असेल तर नियम ३३ आडवा येईलच असं नाही. पण तेव्हा कळलेली गुपितं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली काम संपल्यावरही गुपितंच राहतात.

वकिलाविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगाकडे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ती वाट बंद केली. तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करावी लागते, सही व सत्यापनासह, ठरलेली फी भरून, आणि ती मराठीतही चालते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ मध्ये समज, निलंबन आणि सनद काढून घेणं या शिक्षा आहेत. कागद परत देववण्याची तरतूद त्यात नाही. मुदत जवळ आली असेल तर तक्रारीवर विसंबून राहू नये, प्रकरण चालू असलेल्या कोर्टात लगेच अर्ज द्यावा.

बार कौन्सिलला एक सूचना: वकीलपत्राच्या छापील नमुन्यामागे मूळ कागदांची यादी आणि पोच यांसाठी चार-सहा ओळींचा रकाना ठेवावा. त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, आणि प्रामाणिक वकिलालाही खोट्या आरोपांपासून त्याचा आधारच होईल.

आपला,
एक वकील वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये)